पसरणीच्या घाटातली ऑस्टिन

"मामा, दगड लावा!" मी ओरडले.

आमच्या गावचे तांबट गोविंदमामा धोतराचा सोगा एका हातात धरून गाडीतून उतरले, कडेचा एक चांगला थोराड दगड उचलून त्यांनी मागच्या चाकाला लावला आणि दुसऱ्या चाकासाठी दुसरा शोधू लागले. मी ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलला. गाडी वीतभर मागं सरकली, दगडाला टेकली आणि थांबली. हँडब्रेक होता, पण त्याचं आणि माझं तितकंसं सख्य नव्हतं.

इंजिन आधीच बंद पडलं होतं. पसरणीचा घाट बराचसा चढून झाला होता. खाली धोमचं पाणी ताटात ओतल्यासारखं पसरलेलं होतं आणि त्याच्या पलीकडं आमची वाई उन्हात दिसत होती. घड्याळात अकराला दहा कमी होते. बाराच्या ठोक्याला पाचगणीच्या मैदानावर निशाण खाली यायचं होतं.

"अजून एकदा हँडल मारतो," मामा म्हणाले.

"तीनदा मारलंत. हात निखळेल."

"वहिनीसाहेब, चाळीस वर्षं घण मारतोय. हँडलानं काय निखळतोय!"

त्यांनी मारलं. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

ही गोष्ट एकोणनव्वद सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि गोविंदमामा पासष्टीच्या पुढचे. गाडी आम्हा दोघांच्या मधली, तीस सालची. बेबी ऑस्टिन. माझे सासरे, डॉक्टर आबासाहेब निकम, यांनी ती पाचगणी सोडून विलायतेला चाललेल्या एका मिशनऱ्याकडून घेतली होती आणि तिच्यातून ते खेडोपाडी रोगी बघायला जात. आबा गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. तिच्यावर आधी ताडपत्री आली, मग लाकडं आली, मग कोंबड्या आल्या. चौदा वर्षं ती तशीच होती.

धाकटी मुलगी सासरी गेली त्या वर्षी मी कोंबड्या हाकलल्या आणि ताडपत्री काढली.

सुरुवातीला मला काही येत नव्हतं. आबांच्या कपाटात गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं, पानांना ऑइलची बोटं लागलेलं. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी आणि शेजारी डिक्शनरी घेऊन मी ते रोज दुपारी दोन पानं असं वाचून काढलं. पिस्टन जाम झाले होते. त्यात रॉकेल आणि एरंडेल मिसळून सोडायचं आणि रोज सकाळी हँडलाला जरा जोर लावून बघायचा. एकोणचाळीस दिवस हँडल हललं नाही. चाळिसाव्या दिवशी करवंदाएवढं हललं. त्या दिवशी मी शिरा केला.

"कुणाचा वाढदिवस?" यांनी विचारलं.

"इंजिन सुटलं."

"बरं झालं," असं म्हणून यांनी शिरा वाढून घेतला. आमचे हे, जयसिंगराव, हायस्कूलचे हेडमास्तर. गाडी या वस्तूत त्यांना लहानपणापासून रस नव्हता. आबांच्या शेजारी बसलं की त्यांना मळमळायचं. मी गाडी उघडून बसले याला त्यांनी ना विरोध केला ना हातभार लावला. फक्त एकदा जेवताना घास थांबवून म्हणाले, "आमटीत जिऱ्याच्या जागी वॉशर आलाय. फोडणीचा आहे का पडलेला?" सुटे नट-बोल्ट वेगवेगळे ठेवायला मी मिसळणाचा जुना डबा घेतला होता, आणि तो दोनदा चुकून चुलीपाशी गेला होता.

वाईतल्या मेकॅनिकनं गाडी लांबूनच बघितली आणि हात जोडले. याचे पार्ट आता कुठंच मिळत नाहीत म्हणाला. मग मी गोविंदमामांकडं गेले. ते गंगापुरीत भांडी घडवायचे. पाणी तापवायचे बंब, घंगाळी, हंडे. इंजिनाच्या डोक्याखाली जो तांब्याचा पत्रा बसतो, तो फाटलेला घेऊन मी त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा केला.

"हे कुठल्या भांड्याचं?"

"मोटारीचं."

"मोटारीतही तांबं असतं होय!" त्यांचा चेहरा उजळला. "मग सांगायचं नाही का आधी?"

त्यांनी पत्रा लाल तापवला, पाण्यात विझवला, कापडासारखा मऊ केला आणि आधीच्याबरहुकूम कापला. एकदा त्यांना गाडीत तांबं-पितळ सापडल्यावर ते थांबेनात. रेडिएटरची भोकं त्यांनी झाळून बुजवली, नळ्या त्यांनी वळवल्या. पेट्रोलची टाकी गंजून चाळण झाली होती, ती त्यांनी पितळेची नवी घडवली आणि आतून कल्हई केली. ऑस्टिनची टाकी बॉनेटखालीच असते, समोरच्या काचेला लागून. बॉनेट उघडलं की देवघर उघडल्यासारखं वाटायचं. एकच खोट राहिली. टाकी काठोकाठ भरली की झाकणातून पेट्रोल पाझरायचं, आणि समोरच तापलेलं इंजिन. म्हणून टाकी अर्धीच भरायची असं आम्ही ठरवून टाकलं.

साताऱ्याला जाऊन मी लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं विचारलं, "मावशी, गाडी कुठल्या सालची आहे तुमची?" मी सांगितलं. त्यानं पुढचं काही विचारलंच नाही.

गावात लोक म्हणायचे, निकमांची सून सासऱ्यांची आठवण किती जपते बघा. मी हातातला पाना फिरवत राही.

आणि मग दिवाळीनंतर एका सकाळी मी गाडीखाली पोतं टाकून उताणी पडले असताना शेडच्या दारात दोन जोडी बूट आले. एक जोडी माझ्या दिराची, प्रतापभावजींची. ती मी करकरीवरून ओळखते.

"वहिनी, जरा बाहेर या. माप घ्यायचंय."

"कशाचं?"

"गाडीचं. हे माझे मित्र. पाचगणीला यांचं हॉटेल होतंय. दारात चौथरा बांधलाय, त्यावर गाडी ठेवायची. इंजिन काढून आत माती भरायची आणि फुलं लावायची. येणारा-जाणारा फोटो काढेल."

मी गाडीखालून बाहेर आले. माझ्या कपाळाला ग्रीस होतं आणि पदर कमरेला खोचलेला होता. त्या मित्रानं नमस्कार करावा की नाही अशा बेतानं हात अर्धे उचलले.

"इंजिन काढून कसं चालेल, भावजी? चालतं ते."

"शेडमधल्या शेडमध्ये फुरफुरतं, त्याला चालणं म्हणत नाहीत. मी शब्द देऊन बसलोय, वहिनी."

गोष्ट अडचणीची होती. वाटणीत ती शेड भावजींच्या वाट्याला गेली होती आणि गाडीचं नाव त्या वेळी कुणी काढलंच नव्हतं. कोंबड्या बसतात त्या वस्तूची वाटणी कोण करतं! पण आता शब्द गेला होता, आणि भावजी गावात शब्दाचे पक्के म्हणून मिरवत.

"जानेवारीत पाचगणीला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे," मी म्हटलं. "मी घाट चढवून दाखवते."

भावजी हसले. मित्रही हसला. "पसरणीचा? या डबीनं?"

"याच डबीनं."

"चढली तर तुमची, शेडसकट. नाही चढली तर घाटात जिथं बसेल तिथून हॉटेलवर. वर न्यायचं निम्मं भाडं वाचलं. पण दोरी लावायची नाही, ढकलायची नाही. तिच्या तिच्या इंजिनावर, आणि मेळाव्याच्या वेळेत."

ओट्यावर हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "दोघंही कागदावर लिहा. नंतर भांडायला माझ्याकडं येता."

तर त्या कागदामुळं आम्ही त्या दिवशी घाटात होतो.

सकाळी साडेनऊला निघालो. गोविंदमामांनी नवं धोतर नेसून टोपी घातली होती. पसरणी गावापर्यंत गाडी कशी सुरेख आली! पहिली वळणंही तिनं कुरकुर न करता घेतली. मध्ये दोनदा रेडिएटर तापला म्हणून थांबून पाणी घातलं, ते धरलेलंच होतं. आणि मग त्या वळणावर, चढ जरा उभा झाला तशी, ती खोकली आणि बंद पडली.

मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरची वाटी काढून बघितली. कोरडी ठणठणीत. म्हणजे पेट्रोल येत नव्हतं. टाकीत काठी बुडवली. काठीला चार बोटं पेट्रोल लागलं.

"पेट्रोल तर आहे," मामा म्हणाले.

"मग नळीत अडलंय." मी नळी सोडवून तिच्यात फुंकर मारली. पलीकडून वारा माझ्या हातावर आला. नळी साफ होती. टाकीत पेट्रोल, नळी मोकळी आणि वाटी कोरडी. पुस्तकात असलं काही नव्हतं.

खालून एस.टी. आली. चढावर ती इतक्या सावकाश चालली होती की खिडकीतला माणूस ओळखू येत होता. आमचे हे होते. आमच्या गाडीत मळमळतं म्हणून एस.टी.नं यायचं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"काय झालं गं?"

"पेट्रोल येत नाही!"

"जेवणाचा डबा माझ्याकडं आहे!" ते ओरडले, आणि एस.टी. वळणाआड गेली.

तिच्यामागून प्रतापभावजींची जीप. त्यांनी ती आमच्या शेजारी उभी केली. मागच्या सीटवर नवी कोरी दोरी वेटोळं करून ठेवलेली मला दिसली.

"वहिनी, ऊन वाढतंय. लावू का दोरी? चौथऱ्याचं सिमेंट वाळलंय."

"अजून तासभर आहे, भावजी."

"तासाभरात काय होणार?"

"तेच बघतेय."

"बरं. मी वर आहे. दोरी इथं ठेवून जाऊ का?"

"न्या," मामा एकदम म्हणाले. "विहिरीला होईल."

भावजींच्या कपाळाची शीर हलली. जीप गेली. मी दगडावर बसले. खरं सांगते, त्या वेळी मला रडू येत होतं. मोठ्या माणसाच्या रडण्यासारखं नाही. परीक्षेत येत असलेलं उत्तर आठवू नये, तसलं.

मामा टाकीवर हात फिरवत होते. "टाकीत तर दोष नाही, वहिनीसाहेब. गाळाचा कण नळीत जाणार नाही. मी काळजी घेतलीय."

"कसली काळजी?"

"तोटीची. नळी तळाला नाही लावली. बोटभर वर घेतलीय, आत उभी. बंबाला असते तशी. तळाचा गाळ तळाला राहतो, वर स्वच्छ पाणी येतं. माझ्या बंबाच्या तोटीतून आजवर गाळ आला असं कुणी सांगावं!"

मी उठून उभी राहिले.

"मामा, तोटी टाकीच्या कुठल्या अंगाला आहे?"

"पुढच्या. इंजिनाकडच्या."

"आणि आता गाडीचं नाक वर आहे."

"वर आहे की."

"म्हणजे पेट्रोल सगळं मागं गेलंय."

सणाच्या आधी बंब घासायला काढला की काय होतं ते कुठल्याही बाईला विचारा. तोटी उघडी ठेवली तरी तळाचं पाणी येत नाही. दोन हातांनी बंब मागून उचलायचा, पुढं कलता करायचा, मग येतं. मी हे तीस वर्षं करत आले होते. सपाट रस्त्यावर तोटी बुडलेली असायची, म्हणून मेणवलीपर्यंत कितीही चकरा मारल्या तरी काही कळलं नव्हतं. घाटात आम्ही भांडं मागं कलतं केलं होतं.

मामांच्याही डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांचा चेहरा पडला. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "म्हणजे माझ्यामुळं..."

"टोपी घाला, मामा. ऊन लागेल. आता कलतं कसं करायचं ते बघू."

"टाकी भरली की तोटी बुडेल. कुणाकडून तरी पेट्रोल मागू."

पाच मिनिटं वाट पाहिली. उसाचा एक ट्रॅक्टर गेला आणि एक ट्रक. दोन्ही डिझेलचे. खाली पंपावर जाऊन यायचं तर बारा वाजून जाणार. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी घाटाकडं बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं. बंब उचलून कलता करता येतो. गाडी उचलता येत नाही. पण फिरवता येते.

"मामा, दगड काढा. आपण वळायचं."

"घरी?"

"वर. पाठीमागून."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मोरया!"

वळण रुंद होतं म्हणून जमलं. मी गाडी मागं घरंगळू दिली, चाक पुरं फिरवलं आणि तिची पाठ डोंगराच्या अंगाला घातली. नाक आपोआप खाली वाईकडं झालं. आता आमचं तोंड उताराला होतं. मी कार्बोरेटरची वाटी पुन्हा बघितली. ती भरत होती. पेट्रोल काठापर्यंत आलेलं बघून मला जेवढं बरं वाटलं, तेवढं पुढं टाळ्यांनीही वाटलं नाही.

मामांनी हँडल मारलं. पहिल्याच फेरीला इंजिन लागलं.

रिव्हर्स गिअर टाकला आणि क्लच सोडला. तिच्या सगळ्या गिअरांत ताकदीचा म्हणाल तर तो एकच. गाडी गुरगुरली आणि पाठमोरी घाट चढू लागली.

गाडीचं कापडी छत खाली केलं होतं. मी मान मागं वळवून एका हातानं चाक धरलं. मामा सीटवर गुडघे टेकून मागं तोंड करून उभे, जणू देवळात.

"डावीकडं घ्या, वहिनीसाहेब! डावीकडं!"

मी घेतली. गटार दिसलं.

"ती नव्हे! माझ्या डावीकडं!"

"मामा, कडा का डोंगर, तेवढंच सांगा!"

"डोंगर! डोंगराकडं! आता कड्याकडं थोडं. पुरे! पुरे म्हणतोय ना!"

वरून येणारी एक मोटार आम्हाला बघून थांबलीच. तिच्यातल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. दोन माकडं कठड्यावरून बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालत होती. माझी मान आखडली, रेडिएटरच्या झाकणातून वाफ येऊ लागली. पण इंजिनाचा आवाज एकसारखा होता. तो आवाज मी तीन वर्षं ऐकून ऐकून घडवला होता. त्यात काही खोट असती तर मला कळली असती.

वरची सपाटी लागली तशी मामा म्हणाले, "आता वळवा. लोक हसतील."

"किती वाजले?"

"बाराला सहा कमी."

"मैदानाचा चढ बाकी आहे. हसू द्या."

आणि लोक हसले. पाचगणीच्या बाजारातून आम्ही पाठमोरे गेलो. स्ट्रॉबेरीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या, शाळेची पोरं शिट्ट्या वाजवत मागं लागली. मैदानावर तीस-पस्तीस गाड्या चकचकीत उभ्या होत्या, बिल्ले लावलेली माणसं होती, मांडव होता. शेवटचा चढ चढून गाडीची पाठ आधी रेषेवरून गेली आणि मागून आम्ही. हसणं कुठं थांबलं आणि टाळ्या कुठं सुरू झाल्या ते मला कळलं नाही. घड्याळ मामांनी वाचलं. बाराला एक मिनिट.

निशाण धरून उभे होते ते दिनशाजी, पाचगणीतले म्हातारे पारशी गृहस्थ, मेळाव्याचे पंच. पांढऱ्या भुवयांखालून ते गाडीकडं बघत होते. प्रतापभावजी धावत आले.

"हे चालायचं नाही! उलटी आणलीय!"

"परतापराव," दिनशाजी म्हणाले, "कोणी ढकलला?"

"नाही, पण..."

"दोरी लावला?"

"दोरी माझ्याकडंच आहे."

"मग? नियम मी लिवला. तोंड कुठे पायजे ते मी लिवला नाय. माझा बाप पण त्याचा जुना मोटार पसरणीला असाच चढवायचा." त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, पितळी टाकी बघितली आणि बोटानं टिचकी मारली. "हे कोणी केला?"

मामा पुढं झाले. "मी. चुकलीय जरा."

"चुकला तर चुकला. पण काय सुंदर चुकला!"

मांडवातून ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं गेलं: श्री. जयसिंगराव निकम, वाई. मेळाव्याचा फॉर्म पैज लागली तेव्हा भावजींनीच भरला होता आणि त्यावर भावाचं नाव घातलं होतं. हार घेऊन दोन माणसं यांच्याकडं गेली. हे कठड्यावर बसून डबा उघडून पोळी-भाजी खात होते.

"साहेब, चला. हार."

"मला कशाला?" हे म्हणाले. "मी एस.टी.नं आलोय." आणि हातातल्या पोळीनं त्यांनी माझ्याकडं दाखवलं. "गाडी हिची, केली हिनं, आणली हिनं. मला त्यातला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हेही सांगता येणार नाही. उगीच माझ्या गळ्यात काही घालू नका."

तीन वर्षांत त्यांनी गाडीबद्दल केलेलं हे सगळ्यात लांब भाषण.

मला मांडवात नेलं. बोलणारा तरुण माणूस उत्साही होता. त्यानं लोकांना सांगितलं, "सासऱ्यांच्या पवित्र स्मृतीसाठी या माउलीनं..." आणि माइक माझ्यापुढं धरला.

मी पदरानं कपाळ पुसलं. पदर काळा झाला.

"आबांची आठवण मला आहे," मी म्हटलं. "पंधरा वर्षं मी हिच्या रेडिएटरमध्ये पाणी घातलं. आबा निघाले की हाक यायची, शालन, पाणी! स्टीअरिंगपाशी मला कधी येऊ दिलं नाही. एकदा धीर करून विचारलं, आबा, मी चालवून बघू? तेव्हा ते हसले आणि म्हणाले, बाईमाणसानं मागं बसावं. वाईट नव्हते ते. पण लोक म्हणतात तसं मी त्यांच्यासाठी नाही केलं. यांच्यासाठीही नाही. मला चालवायची होती."

एवढं सांगून मी माइक परत दिला.

दिनशाजींनी निशाण काखेत मारलं आणि टाळ्या वाजवल्या, आणि बाकीच्यांनी वाजवल्या. हार मी मामांच्या गळ्यात घातला. ते बावरून इकडं तिकडं बघत राहिले.

भावजी जरा वेळानं आले. माणूस कद्रू नव्हता. "शेडची किल्ली संध्याकाळी पाठवतो, वहिनी," म्हणाले. मग जाता जाता, "हॉटेलवाल्याला काय सांगू?"

"चौथऱ्यावर तुळस लावा म्हणावं."

दुपारी परत निघालो. हे एकदम म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर."

"मळमळेल."

"मळमळू दे."

पुढच्या सीटवर मामा हार घालून आधीच बसले होते आणि उठायची त्यांची काही चिन्हं नव्हती. यांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि डबा मांडीवर घेऊन मुकाट मागं बसले.

आता नाक खाली होतं. पेट्रोल भरभरून येत होतं आणि गाडी अशी चालली की काय सांगू! वारा तोंडावर, खाली धोमचं पाणी, वळणामागून वळण. तिसऱ्या वळणाच्या आसपास मागं हॉर्न वाजला. आरशात बघितलं तर भावजींची जीप. त्यांना पुढं जायचं होतं. त्यांनी पुन्हा वाजवला. मग लांब वाजवला.

"शालन, प्रताप आहे मागं," हे म्हणाले.

"दिसतोय मला."

पायथ्यापर्यंत हॉर्न वाजत होता. मी साइड दिली नाही.